फेरीबोटीतला अटॅक : एका रुग्णाची पूर्ण हकीकत

आपल्याकडे नुसता 'अटॅक' म्हटलं की तो हृदयाचाच. अमक्याला अटॅक आला, असं कानावर पडलं की पुढचा प्रश्न 'आहे की गेला?' हाच असतो. त्यामुळे विनायकच्या आईला मी जेव्हा सांगितलं, की मुलाला येतोय तो पॅनिक अटॅक आहे, तेव्हा तिने शेवटचा शब्द तेवढा ऐकला आणि दवाखान्याच्या बाकावर बसकण मारली. "दोतोर, म्हणजे बापासारखंच?" हा हृदयाचा नव्हे, एकाएकी उसळणाऱ्या भीतीचा झटका आहे, हे तिला समजावण्यात पुढची दहा मिनिटं गेली. नाव बदलणं माझ्या हातात असतं तर मी या विकाराचं नाव आधी बदललं असतं.

विनायक हे नाव खरं नाही. वय, नोकरी आणि घरातल्या काही गोष्टी ओळख पटणार नाही इतपत बदलल्या आहेत, आणि लिहिण्याआधी त्याची परवानगी घेतली आहे. मी गोव्यात डिचोलीला तीस वर्षं दवाखाना चालवतो, मानसोपचारतज्ज्ञ नाही. तरीही लिहितो आहे, कारण असे रुग्ण मानसोपचारतज्ज्ञाकडे पोहोचण्याआधी माझ्यासारख्यांच्या दारात महिनोन्महिने घुटमळतात, आणि या प्रकरणात त्याला घुटमळत ठेवणाऱ्यांत मीही होतो.

ती सकाळ

विनायक ३९ वर्षांचा, पणजीत एका कार्यालयात कारकून. घर डिचोली तालुक्यात, चोडणच्या बाजूच्या गावात. रोज स्कूटरने चोडणच्या धक्क्यावर यायचं, फेरीबोटीने मांडवी ओलांडून रायबंदरला उतरायचं आणि तिथून पणजी गाठायची. बारा वर्षांचा हा रस्ता, त्याला तो डोळे मिटूनही करता आला असता.

जानेवारी होता. गावच्या जत्रेच्या नाटकाच्या तालमी सुरू होत्या आणि विनायककडे बऱ्यापैकी मोठं काम होतं. तालीम साडेबाराला सुटायची, अंथरुणाला पाठ लागेपर्यंत एक वाजायचा, सकाळी सहाला पुन्हा उठणं. तालमीत चहाचे चार-पाच कप. असे दोन आठवडे झाले होते. शिवाय घराच्या कर्जाचा हप्ता वाढला होता, पण हे त्याने मला फार नंतर सांगितलं. त्या दिवशी उशीर झाला म्हणून नुसता चहा ढोसून तो निघाला. पोदेराने (पाववाल्याने) दिलेले उंडे टेबलावर तसेच राहिले.

बोटीत गर्दी होती. स्कूटर लावून तो तिच्याशेजारी उभा होता. फळी वर उचलली गेली, बोट सुटली, आणि नदीच्या साधारण मध्यावर छातीत एक ठोका चुकल्यासारखं झालं. मग धडधड सुरू झाली. श्वास पुरेना. ओठ बधिर झाले, दोन्ही हातांच्या बोटांना मुंग्या आल्या, थंडीतही दरदरून घाम फुटला. समोरचा रायबंदरचा किनारा आणि तिथली जुनी घरं 'नाटकाच्या पडद्यावर रंगवल्यासारखी' दिसू लागली, हे त्याचेच शब्द. पाच वर्षांपूर्वी त्याचे वडील पहाटे घरातच हृदयविकाराने गेले होते, रुग्णवाहिका येण्याआधी. 'बाबांसारखंच होतंय' हा विचार आला, आणि त्यानंतर पाण्याच्या मधोमध उभे आहोत, उतरायला जागा नाही, एवढंच डोक्यात राहिलं.

कोणी त्याला खाली बसवलं, कोणी पाणी पाजलं, कोणी छाती चोळली. पलीकडे उतरल्यावर एका सद्गृहस्थाने गाडीत घालून त्याला रुग्णालयात नेलं. हे त्या लोकांनी अगदी बरोबर केलं, आणि इथेच स्पष्ट सांगतो : छातीत असं पहिल्यांदा होईल तेव्हा 'हा पॅनिक असेल' असं घरी बसून ठरवू नये. पॅनिकमध्ये दुखणं बहुधा टोचल्यासारखं, एका जागी असतं, आणि हृदयविकारात दाबल्यासारखं, हातात किंवा जबड्यात जाणारं, हे पुस्तकात ठीक आहे. अनेक मधुमेही माणसांना आणि अनेक स्त्रियांना हृदयविकार मुळीच पुस्तकाप्रमाणे होत नाही. १०८ ला फोन करावा आणि ईसीजी काढून घ्यावा. तिशी-चाळिशीचं वय ही काही हमी नव्हे.

रुग्णालयात पोहोचेपर्यंत अर्धा तास होत आला होता आणि त्याचा त्रास निम्म्यावर आला होता. नाडी ११८, रक्तदाब १५०/९४, ऑक्सिजन ९९ टक्के. ईसीजी स्वच्छ. हृदयाच्या स्नायूला इजा झाली का हे दाखवणारी रक्तातल्या ट्रोपोनिनची तपासणी काही तासांच्या अंतराने दोनदा केली, तीही स्वच्छ. संध्याकाळी घरी सोडताना सांगण्यात आलं, "हृदय ठणठणीत आहे. काही नाही. टेन्शन घेऊ नका."

दुसऱ्या दिवशी तो कागदांची पिशवी घेऊन माझ्याकडे आला. बाहेर दहा-बारा रुग्ण ताटकळत होते. मी कागद चाळले, पोट दाबून पाहिलं आणि म्हणालो, "जागरण, उपाशीपोटी चहा. गॅस वर चढला असणार. काही नाही रे, भिवपाची गरज ना." आम्लपित्ताची गोळी लिहून दिली. पाच मिनिटांत काम झालं.

'काही नाही' या औषधाचे दुष्परिणाम

माणूस स्वतःचं मरण डोळ्यांसमोर पाहून येतो आणि आपण त्याला 'काही नाही' म्हणतो. आपल्या मते तो दिलासा असतो. त्याच्या घरी पोहोचेपर्यंत त्याचा अर्थ पार बदलतो. तो विचार करतो : झालं ते तर झालं, शंभर टक्के झालं. मग एक तर यंत्रात काहीतरी सुटलं, नाहीतर या लोकांना कळत नाही, नाहीतर माझं डोकं फिरायला लागलंय. या तिन्हींतला एकही विचार झोप आणणारा नाही.

आठव्या रात्री दोन वाजता विनायक झोपेतून ताडकन उठून बसला. तीच धडधड, तोच कोंडलेला श्वास. पुन्हा रुग्णालय, पुन्हा ईसीजी, पुन्हा 'टेन्शन'. या वेळी मात्र त्याच्याकडे बिनतोड मुद्दा होता. "झोपेत कसलं टेन्शन, डॉक्टर? मी तर झोपलो होतो." मला उत्तर देता आलं नाही. उत्तर आहे, ते मी नंतर वाचलं. पॅनिक अटॅक झोपेतही येतात, आणि तेही वाईट स्वप्नामुळे नव्हे. स्वप्नांची झोप वेगळी असते. हे झटके झोप गाढ होत जाण्याच्या टप्प्यावर येतात. शरीरात काही बारीकसा बदल होतो, आणि ज्याचा पहारा दिवसभर छातीवर आहे त्याचा मेंदू झोपेतही तो टिपतो. हे त्या रात्रीनंतर मी सांगू शकलो असतो, तर पुढचा दीड महिना वाचला असता.

त्या दीड महिन्यात काय काय झालं, ते त्याच्या बायकोकडून कळलं. आधी फेरीबोट सुटली. तो लांबच्या वाटेने, पर्वरीवरून मांडवी पुलाने जाऊ लागला. मग एका सकाळी पुलावर वाहनं खोळंबली आणि तिथेही झटका आला, म्हणून पूलही सुटला. गोव्यात पाणी चुकवून माणूस जाणार तरी कुठे? रजा पडू लागल्या. नाटकातलं काम दुसऱ्याला दिलं गेलं. जिने चढणं थांबलं, कारण जिना चढल्यावर छाती धडधडते. बाजारात गेला तर दुकानाच्या दाराशी उभा. मोबाइलच्या दुकानातून नाडी मोजणारं घड्याळ आलं, औषधाच्या दुकानातून बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आलं.

आणि खिशात आली सॉर्बिट्रेट. शेजारच्या काकांना अँजायनाचा, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखण्याचा त्रास, त्यांनी मायेने आपल्या पाकिटातल्या चार गोळ्या दिल्या : "धडधडलं की जिभेखाली धर." ही गोळी आपल्याकडे अंगाऱ्यासारखी वाटली जाते. जिभेखाली विरघळली की ती रक्तवाहिन्या सैलावते, रक्तदाब उतरतो, तो सावरायला हृदय आणखी जोरात पळतं आणि डोकं ठणकायला लागतं. म्हणजे धडधडीच्या भीतीवर घेतलेली गोळी धडधड वाढवते. विनायकने ती तीनदा घेतली आणि तिन्ही वेळा त्याची खात्री पटली, की आपला आजार बळावतो आहे.

आईने आपल्या परीने मिरची-मिठाने दिश्ट काढली, देवळात प्रसाद लावला, म्हणजे देवाचा कौल मागितला. उजवा प्रसाद झाला, देवाने भिऊ नको म्हणून सांगितलं. यावर हसणाऱ्यांना मी एवढंच म्हणेन, की त्या दीड महिन्यात त्याच्या म्हणण्याकडे तासभर लक्ष देणारं ठिकाण ते एकच होतं. माझ्याकडे त्याला पाच मिनिटं मिळाली होती.

मनगटावरचा हात

त्याची बायको धाकट्या मुलीचा ताप दाखवायला आली होती. औषध घेऊन उठता उठता म्हणाली, "डॉक्टर, ह्यांचं काय करायचं? जेवतानासुद्धा एक हात दुसऱ्या मनगटावर असतो. उजव्या हाताने शीत कालवायचं सोडून नाडी मोजत बसतात."

गॅस झालेला माणूस नाडी मोजत जेवत नाही, हे तिथे माझ्या डोक्यात शिरलं. मी म्हटलं, उद्या दुपारी दवाखाना बंद झाल्यावर त्याला पाठव. तूही ये.

त्या दुपारी मी पहिल्यांदा त्याला नीट विचारलं. 'काय होतं?' या प्रश्नाला 'अस्वस्थ होतं' एवढंच उत्तर येतं. म्हणून मी नाटकाच्या भाषेत विचारलं : पडदा उघडल्यापासून सांग. पहिलं काय झालं? मग मनात काय आलं? मग अंगात काय झालं? त्याला हे जमलं, नट माणूस. क्रम असा निघाला : ठोका चुकतो. 'बाबांसारखं.' श्वास जोरात चालू होतो. बोटांना मुंग्या येतात. 'डावा हात जातोय.' श्वास आणखी जोरात. डोकं हलकं होतं. 'आता पडणार.' आणि मग सगळंच अंगावर येतं. दहा मिनिटांत कळस, अर्ध्या तासात ओसरतं, आणि नंतर दिवसभर अंग पिळून काढल्यासारखं.

अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या डीएसएम-५ या २०१३ च्या वर्गीकरणात पॅनिक अटॅकची तेरा लक्षणं दिली आहेत. अचानक उसळून काही मिनिटांत शिगेला पोहोचणारी तीव्र भीती, आणि सोबत त्या तेरांतली किमान चार, अशी व्याख्या आहे. विनायककडे आठ होती. छातीत धडधड, घाम, धाप, मुंग्या, गरगरणं आणि मरणाची भीती ही सगळ्यांना माहीत असतात. आजूबाजूचं जग खोटं, पडद्यावरचं वाटणं हेही त्यातलंच एक लक्षण आहे, आणि रुग्ण ते आपणहून सांगत नाहीत. लोक वेडा म्हणतील अशी धास्ती असते. विचारलं की मात्र चेहरा उजळतो.

एखादा झटका येणं म्हणजे आजार नव्हे. परीक्षेआधी, मयताच्या घरी, तापातून उठल्यावर कितीतरी जणांना आयुष्यात एखादा येऊन जातो. झटके पुन्हा पुन्हा, ध्यानीमनी नसताना येऊ लागले, आणि त्यातल्या एखाद्यानंतर महिनाभर किंवा अधिक काळ माणूस पुढच्याच्या धसक्यात राहू लागला किंवा वागणं बदलून बसला, की त्याला पॅनिक डिसऑर्डर म्हणायचं. इथे फेरीबोट, पूल, जिना, नाटक सगळं गेलं होतं.

तरीही निदान लिहिण्याआधी राहिलेल्या तपासण्या केल्या. थायरॉइड वाढलेलं असलं की असंच होतं. रक्तक्षय, साखर उतरणं, दमा, हृदयाच्या लयीतले काही बिघाड, हे सगळे या सोंगात येऊ शकतात. दारूबद्दलही सरळ विचारलं, कारण रोज पिणारा माणूस एकाएकी सोडतो तेव्हा घाम, कापरं आणि धडधड अगदी अशीच येते, आणि गोव्यात हा प्रश्न लाजून टाळला तर निम्मं निदान चुकतं. विनायक शनिवारी एखादी बियर घेणारा निघाला. रक्ताचे अहवाल ठीक आले. चोवीस तास सतत ईसीजी नोंदवणाऱ्या होल्टर तपासणीत मात्र एक गंमत सापडली. अधूनमधून एखादा अवांतर ठोका होता, ज्याला एक्टोपिक म्हणतात. हृदय धडधाकट असलेल्या माणसात तो निरुपद्रवी असतो. अपुरी झोप आणि जास्त चहा-कॉफी यांनी तो अनेकांत वाढतो. म्हणजे फेरीबोटीत ठोका चुकल्यासारखं झालं होतं ते बहुधा खरंच झालं होतं. आम्ही सगळे 'काही नाही' म्हणत होतो आणि हा मात्र बरोबर सांगत होता.

दीड मिनिटाचा प्रयोग

सगळे अहवाल हातात आल्यावर मी त्याला खुर्चीत बसवलं आणि म्हटलं, माझ्याबरोबर जोरजोरात, खोल श्वास घे. पळून आल्यासारखा. मी घड्याळ लावतो. (हा प्रयोग कोणी घरी करू नये. हृदय, दमा, फिट्स, गरोदरपण हे सगळं तपासून आणि डॉक्टर समोर असतानाच करायचा असतो.)

पन्नासाव्या सेकंदाला त्याने बोटांकडे पाहिलं. सव्वा मिनिटाला ओठ चाचपले. दीड मिनिटाला थांबवलं तेव्हा तो घामाघूम होऊन माझ्याकडे बघत होता. "हेच. डॉक्टर, हेच होतं!" बायको घाबरून उठली होती, आणि तो हसत होता. दोन महिन्यांत मी त्याला हसताना पाहिलं नव्हतं.

मग कागदावर चित्र काढून सांगितलं. श्वास गरजेपेक्षा जोरात घेतला की ऑक्सिजन काही वाढत नाही, तो आधीच ९९ टक्के असतो. कमी होतो तो कार्बन डायऑक्साइड. तो उतरला की रक्ताचा आम्लपणा घटतो, रक्तातलं मोकळं कॅल्शियम खाली येतं, आणि नसा चुळबुळू लागतात : ओठांना, बोटांना मुंग्या, कधी बोटं आखडणं. मेंदूच्या रक्तवाहिन्या थोड्या आवळतात, म्हणून डोकं हलकं होतं आणि किनारा पडद्यावरचा वाटतो. श्वास कोंडतोय असं वाटून माणूस आणखी जोरात ओढतो आणि सगळं वाढवतो. कागदी पिशवीत श्वास घेण्याचा जुना उपाय आता सांगत नाहीत. त्रास खरोखर हृदयाचा किंवा फुप्फुसाचा असला, तर पिशवी जिवावर बेतू शकते.

चक्कर येऊन पडण्याची भीती त्याला सगळ्यांत जास्त होती. मी विचारलं, आजवरच्या अकरा-बारा झटक्यांत किती वेळा पडलास? एकदाही नाही. बेशुद्ध पडायला बहुधा रक्तदाब कोसळावा लागतो. झटक्यात तो वाढतो. पहिल्या दिवशीचे १५०/९४ हे आकडे त्याच्याच पिशवीत होते.

डेव्हिड क्लार्क या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९८६ साली हे चक्र मांडलं : अंगातली साधी संवेदना, तिचा 'मी मरतोय' असा भलता अर्थ, त्या अर्थाने वाढलेली भीती, भीतीने वाढलेली संवेदना. पॅनिकच्या आजच्या समुपदेशनाचा बराच भाग यावर उभा आहे. दुखणं मात्र नवं नाही. अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या सैनिकांची धडधड, धाप आणि छातीतलं दुखणं तपासून जेकब डा कोस्टा या डॉक्टरने १८७१ मध्ये 'चिडखोर हृदय' असं निदान लिहिलं होतं. त्या सैनिकांनाही हृदय तपासूनच घ्यायचं होतं.

बांबोळी म्हटल्यावर

पुढचं काम माझ्या आवाक्यातलं नव्हतं. बांबोळीच्या मनोविकार आणि मानवी वर्तन संस्थेत जा, असं सांगितल्यावर आई पुन्हा बाकावर बसली. "लोक काय म्हणतील? मुलींची लग्नं व्हायची आहेत." मुली सात आणि चार वर्षांच्या. शेवटी बायकोने निकाल लावला. "मी जाते बरोबर. कोणी विचारलं तर सांगेन, मला दाखवायला गेले होते."

तिथे एस्सिटालोप्राम ही चिंता-नैराश्यावरची गोळी ५ मिलिग्रॅमपासून सुरू झाली, पुढे १०. पहिले आठ-दहा दिवस ही औषधं धडधड आणि अस्वस्थता थोडी वाढवू शकतात आणि खरा गुण यायला काही आठवडे लागतात, हे आधीच बजावून सांगितल्यामुळे तो टिकला. न सांगता दिलं तर असे रुग्ण चौथ्या दिवशी गोळी फेकून देतात, हे मी पाहिलंय. झोपेसाठी क्लोनाझेपाम अगदी लहान मात्रेत तीन आठवडे, मग हळूहळू बंद. तिची सवय लागते, म्हणून ती ओळखीच्या औषधवाल्याकडून आणून खिशात बाळगायची वस्तू नव्हे.

औषधाइतकंच, किंबहुना जास्त, काम झालं ते मानसशास्त्रज्ञ बाईंच्या आठवडी भेटींत. त्यांनी शिकवलं ते ऐकायला उफराटं वाटतं : ज्या संवेदनेला भितोस, ती मुद्दाम आण. एक मिनिट जागच्या जागी पळ. फिरत्या खुर्चीवर गरगर फीर. स्ट्रॉमधून श्वास घे. पणजीच्या चर्चच्या पायऱ्या भराभर चढ, वर बस, आणि नाडीला हात न लावता धडधड आपली आपण उतरेपर्यंत थांब. घड्याळ आणि ऑक्सिमीटर बायकोच्या कपाटात गेले. सॉर्बिट्रेट काकांना परत.

त्याच्या कार्यालयाच्या वाटेवर, जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारियाचा पुतळा आहे. कांदोळीत १७५६ साली जन्मलेला, पुढे पॅरिसात संमोहनासाठी गाजलेला हा पाद्री. संमोहन कुठल्या चुंबकी द्रवाने घडत नाही, समोरच्याच्या मनात घडतं, असं त्याने त्या काळी सांगितलं. गोव्यात त्याची एक गोष्ट घरोघरी सांगतात : पोर्तुगालात राणीपुढे प्रवचनाला उभा राहिला आणि वाचाच बसली. बापाने खालून कोकणीत पुटपुटलं, ही सगळी भाजी, कातर रे भाजी. आणि पोरगा घडाघडा बोलू लागला. विनायकला सहकारी हीच गोष्ट ऐकवायचे : समोर काही नाही असं समज. त्याने ते करून पाहिलं होतं, उपयोग झाला नव्हता. बाईंनी त्याला म्हटलं, अर्धं वाक्य सोडून दे. 'ही सगळी भाजी' म्हणजे पुन्हा 'काही नाही'. तुला माहीत आहे की काहीतरी आहे. तू दुसरं अर्धं घे, 'कातर'. धडधड असू दे, हातातलं काम चालू ठेव. मला हे इतकं आवडलं, की त्यानंतर दोघा-तिघा रुग्णांना मी ते माझंच म्हणून ऐकवलं आहे.

फेरीबोटीकडे परत जाणं पायरीपायरीने झालं. आधी नुसतं चोडणच्या धक्क्यावर उभं राहून बोटी सुटताना बघायचं. मग रविवारी दुपारी रिकाम्या बोटीतून बायकोबरोबर. मग एकट्याने. मग सकाळच्या गर्दीत, मधोमध, कठड्यापासून लांब.

सातव्या आठवड्यात घोळ झाला. तीन दिवस बिनत्रासाचे गेल्यावर चौथ्या दिवशी नदीत झटका आला. तोही मोठा. त्याने लगेच सावकाश श्वासाचा व्यायाम सुरू केला, एकेक श्वास मोजत, दात-ओठ खाऊन. उपयोग होईना तशी भीती दुप्पट झाली. पलीकडे उतरून तो सरळ घरी परतला, पुन्हा नदी ओलांडून. हे त्याच्या लक्षात बाईंनी आणून दिलं : अरे, झटका आलेला असताना तू दुसऱ्यांदा बोटीत चढलास की! श्वासाचं म्हणशील, तर सावकाश श्वास चांगलाच. पण तो झटक्याला हाकलायची काठी झाला की त्याच्यात आणि सॉर्बिट्रेटमध्ये फरक राहत नाही. त्यानंतर झटका आला तर त्याने एकच करायचं ठरलं, स्कूटरला टेकून उभं राहायचं आणि तो येऊन जाऊ द्यायचा.

अशी मदत मिळायला दरवेळी बांबोळीच गाठावी लागते असं नाही. केंद्र सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, फुकट मिळते. आणि नैराश्य-चिंतेच्या रुग्णांना डॉक्टर नसलेले, पण नीट शिकवलेले समुपदेशक गावातल्या आरोग्य केंद्रात मदत करू शकतात का, हे तपासणारी 'मानस' चाचणी तर आपल्या गोव्यातच झाली. बारा सरकारी केंद्रं, बारा खासगी डॉक्टर. निष्कर्ष २०१० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. सरकारी केंद्रांत फरक स्पष्ट दिसला, खासगी डॉक्टरांकडे दिसला नाही. त्याची एक शक्यता अशी मांडली जाते, की खासगी डॉक्टर रुग्णाला मुळातच जास्त वेळ देतात. माझ्या पाच मिनिटांची आठवण ठेवून हे वाक्य मी जपून वाचतो.

या गोष्टीला आता चौदा महिने झाले. विनायक रोज फेरीबोटीने जातो. गेल्या सहा महिन्यांत दोन झटके आले. दोन्ही मला नंतर कळले, तेही बोलण्याच्या ओघात. आणखी काही महिन्यांनी औषध हळूहळू उतरवायचं ठरतंय, ते तिथले डॉक्टर ठरवतील. यंदाच्या नाटकात त्याने काम घेतलं नाही, पडद्यामागे प्रॉम्प्टिंग केलं. पुढच्या वर्षी बघू म्हणतो. मी आग्रह धरलेला नाही.

डाव्या कुशीवर मात्र तो अजून झोपत नाही. उशीत ठोके ऐकू येतात म्हणतो. तेवढं राहिलंय. बाईंनी पुढच्या भेटीत ते घ्यायचं ठरवलं आहे.